खेळांतील आगगाडी आणि यार्डाचा ढाळ

घरीं लहान आगगाडी मांडणाऱ्या मुलास प्रथम काय सुचतें, तर डोंगर, बोगदा आणि पूल. रूळ एकदां डोंगरावर चढले व गाडी बोगद्यांतून बाहेर पडली, कीं त्यास धन्य वाटतें. यार्डाचा विचार तो सर्वांत शेवटीं करितो, आणि करितो तेव्हां चार रूळ शेजारीं शेजारीं ठोकून मोकळा होतो. मग एके दिवशीं असें दृष्टीस पडतें कीं, सायडिंगांत उभ्या केलेल्या वाघिणी कोणीं हात न लावतां हळूच निघाल्या, सांध्यावरून मुख्य मार्गावर आल्या, आणि समोरून येणाऱ्या मेलगाडीवर आदळल्या. धाकटीं भावंडें म्हणतात, भूत आहे. भूत वगैरे कांहीं नसतें; टेबलाचा एक पाय दोन नाण्यांच्या जाडीइतका आखूड असतो, एवढेंच.

येथें ज्या आगगाडीविषयीं लिहावयाचें आहे, ती किल्ली देऊन गोल फिरणारी बाजारांतील गाडी नव्हे. युरोप-अमेरिकेंत कित्येक प्रौढ माणसें खऱ्या रेल्वेची हुबेहूब प्रतिकृति मापानें तयार करितात. स्टेशन, सिग्नल, एंजिनाची शेड, यार्ड, सर्व तींत असतें, आणि गाड्या वेळापत्रकाप्रमाणें चालवितात. त्यांच्यांत फार प्रचारांत असलेलें माप 'एच्-ओ' या नांवानें ओळखलें जातें. या मापांत प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी व उंची खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाइतकी असते. तिकडील रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर. त्यास ८७ नीं भागिलें कीं साडेसोळा मिलिमीटर येतात, आणि तेवढ्याच रुंदीवर ही लहान गाडी धांवते. आपल्याकडे हा छंद थोड्यांस आहे. तरी पुण्यास कोथरूड भागांत जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय आहे, आणि जीं मुलें तें पाहून आलीं असतील त्यांस पुढील मजकूर लवकर समजेल.

आतां ढाळ म्हणजे काय, तें ठरवून घेऊं. रेल्वेचे लोक 'शंभरास एक' असा ढाळ सांगतात. त्याचा अर्थ, शंभर मीटर पुढें गेल्यावर रूळ एक मीटर वर चढतो किंवा खालीं उतरतो. हें गुणोत्तर आहे, माप नव्हे, आणि सर्व गोम येथेंच आहे. डबा सत्त्याऐंशीपट लहान केला, फलाट लहान केला, सिग्नल लहान केला; परंतु शंभरास एक हा ढाळ टेबलावरही शंभरास एकच राहतो. पृथ्वीचें आकर्षण तर कोणाच्याही कारागिरीनें लहान होत नाहीं. उतरत्या फळीवरून गोळे सोडून वेग कसा वाढत जातो, तें गॅलिलिओनें मोजलें. त्यानें शोधलेला नियम वीस टनांच्या वाघिणीस व शंभर ग्रॅमच्या वाघिणीस सारखाच लागू आहे.

याचा परिणाम काय होतो, तें गणितानें पाहूं. समजा, घर्षणाचा अडथळा वजा जातां शंभरास एक इतका ढाळ शिल्लक राहिला, आणि वाघीण टेबलावर दोन मीटर घसरत गेली. शेवटीं तिचा वेग सेकंदास सुमारें ६३ सेंटिमीटर होतो. पाहण्यास हा वेग फारसा नाहीं. रांगतें मूलही तिला गांठील. पण प्रतिकृतीच्या जगांत अंतरास ८७ नीं गुणिलें पाहिजे. तसें केलें म्हणजे ते दोन मीटर १७४ मीटर होतात, आणि तो वेग ताशीं सुमारें १९६ किलोमीटर होतो! खऱ्या यार्डांत एक वाघीण दुसरीस माणसाच्या चालीहून फारशा अधिक वेगानें भेटूं देत नाहींत. ताशीं पांच किलोमीटर ही चाल एच्-ओ मापांत आणली, तर सेकंदास दीड सेंटिमीटराहून किंचित् अधिक भरते. खऱ्या रेल्वेवर जो उतार निरुपद्रवी भासतो, तो टेबलावर वाघिणीस तोफेचा गोळा करून सोडतो, तो असा.

तथापि खऱ्या रेल्वेवरही हा विषय निरुपद्रवी नाहीं. भारतीय रेल्वेचा नियम असा आहे कीं, स्टेशनच्या यार्डांत ढाळ चारशेंस एक याहून अधिक असूं नये. आणि बाराशेंस एक याहून अधिक नसावा, अशी शिफारस आहे. बाराशेंस एक म्हणजे बारा मीटरांत एक सेंटिमीटर. तो डोळ्यांस दिसणारही नाहीं. इतकी काळजी कां घ्यावी, यास कारणें दोन आहेत. चढावर उभी असलेली जड गाडी हलविण्यास एंजिनास फार कष्ट पडतात, हें एक. दुसरें, आणि अधिक महत्त्वाचें, हें कीं, एंजिन सुटून गेल्यावर मागें राहिलेल्या वाघिणी आपण होऊन चालूं लागतात. पूर्वीं चाकांच्या आंसांस साधीं बेअरिंगें असत. वाघीण कांहीं वेळ उभी राहिली कीं जणू चिकटून बसे. पुढें रोलर बेअरिंगें आलीं. एंजिनाचे श्रम वांचले, पण उभ्या वाघिणीसही निघून जाणें तितकेंच सोपें झालें.

डोंगर टाळतां येत नाहीं तेथें निराळी योजना करावी लागते. रूळ स्टेशनच्या दिशेनें ऐंशीस एक याहून तीव्र उतरत असेल, तर बाहेरून निसटून येणारी गाडी अडविण्यासाठीं 'कॅच सायडिंग' बांधतात. स्टेशनपासून बाहेरच्या बाजूस उतार शंभरास एक याहून तीव्र असेल, तर आंतील वाघिणी निसटून बाहेर जाऊं नयेत म्हणून 'स्लिप सायडिंग' घालतात. दोन्हींचें तत्त्व एकच: भरकटलेल्या गाडीस आपण होऊन एका बंद, चढत्या वाटेवर नेऊन थकवावयाचें. आपला बोरघाट १८६३ सालीं वाहतुकीस खुला झाला. त्याचा ढाळ कांहीं ठिकाणीं सदतिसांस एक इतका आहे. घाट उतरणाऱ्या गाडीपुढें सांधा मुळांत मुख्य मार्गाकडे नसतोच, कॅच सायडिंगकडे असतो. गाडीनें तेथें थांबून आपण ताब्यांत आहों हें दाखवावें, मगच सांधा फिरवून तिला वाट देतात. मुंबई-पुण्याच्या प्रवासांत घाटामध्यें गाडी विनाकारण थांबली म्हणून कुरकुरणाऱ्या उतारूंस ही गोष्ट सहसा ठाऊक नसते.

ढाळावर सुटलेले डबे काय करितात, याचें एक उदाहरण मुलांस व पालकांस दोघांसही सांगण्यासारखें आहे. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांतील आर्मा या गांवच्या संडे स्कूलचीं मुलें व त्यांचीं वडील मंडळी सहलीसाठीं समुद्राकडे निघालीं होतीं. गाडी भरून गेली होती. पंचाहत्तरास एक इतक्या चढावर एंजिन दमलें व गाडी उभी राहिली. तेव्हां असें ठरलें कीं, गाडीचे दोन भाग करावे, पुढचा भाग अगोदर पुढील स्टेशनावर पोंचवावा, आणि परत येऊन मागचा न्यावा. मागच्या डब्यांच्या चाकांखालीं दगड लावले. गाडीस निर्वाताचा ब्रेक होता खरा. पण डबे जोडणारी नळी सुटली कीं ब्रेकही सुटे, अशी त्याची रचना होती. त्यामुळें सोडलेला सर्व भाग एका हातब्रेकच्या व त्या दगडांच्या भरंवशावर राहिला. पुढचा भाग निघतांना किंचित् मागें सरकला. तेवढ्या धक्क्यानें चाकें दगड चिरडून पलीकडे गेलीं, आणि माणसांनीं भरलेले डबे उतारावरून उलट धांवूं लागले. मागून त्याच मार्गानें दुसरी गाडी येत होती. त्या टकरेंत ८० माणसें मरण पावलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून असा ब्रेक सक्तीचा केला, कीं जो गाडी तुटतांच सुटण्याऐवजीं आपोआप लागतो.

यावर कोणी म्हणेल, या जुन्या काळच्या गोष्टी. तर ६ जुलै २०१३ ची एक गोष्ट ऐकावी. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत खनिज तेलाच्या ७२ टांक्या असलेली गाडी रात्रीं मुख्य मार्गावर उतारावर उभी करून ठेवली होती. ढाळ शंभरास एक याच्या आसपास होता. शेजारीं सायडिंग होतें, आणि निसटणाऱ्या वाघिणीस रुळाखालीं उतरविणारा खटकाही तेथें होता. परंतु त्या जागेंत रिकाम्या वाघिणी ठेवल्या होत्या. एंजिनास लहानशी आग लागली, ती विझवितांना एंजिन बंद करावें लागलें, आणि त्यामुळें ब्रेकची हवा हळूहळू उतरत गेली. हातब्रेक पुरेसे लावलेले नव्हते. गाडी कोणी माणूस नसतां निघाली, अकरा-बारा किलोमीटर वेग वाढवीत गेली, आणि लाक-मेगांतिक गांवाच्या मध्यभागीं उलटून पेटली. ४७ लोक गेले. उतार एवढाच कीं पायीं चालणाऱ्यास तो जाणवलाही नसता.

आतां पुन्हां टेबलाकडे वळूं. प्रश्न असा कीं, आपल्या यार्डांत ढाळ किती चालेल? वर सांगितलेला चारशेंस एक हा आंकडा येथें तसाच उचलून उपयोग नाहीं. कारण लहान वाघिणीच्या चाकांचें घर्षण निराळें. कांहीं वाघिणींचे आंस दोन्ही टोकांस सुईसारखे टोंकदार असतात व त्या फारच हलक्या चालतात. कांहीं स्वस्त वाघिणी मात्र ढकलल्याशिवाय हलत नाहींत. म्हणून प्रत्येकानें आपल्या वाघिणींस विचारावें. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्यावी, तीवर रूळ बसवावा, गवंड्याकडील पाणसळ लावून फळी सपाट करावी, आणि वाघीण उभी करावी. मग फळीच्या एका टोकाखालीं पत्ते एकावर एक सारीत जावें, व दर खेपेस टेबलावर बोटानें हलकेंच टिचकी मारावी. टिचकी कां, तर पुढें शेजारून गाडी जाईल तेव्हां टेबल हलणारच आहे. वाघीण निघाली कीं पत्त्यांची एकंदर जाडी मोजावी. दहा मिलिमीटर भरली तर शंभरास एक. पांच भरली तर दोनशेंस एक. सर्व वाघिणींपैकीं जी सर्वांत लवकर निघेल, तिचा आंकडा खरा धरावा; आळशी वाघिणीच्या आंकड्यावर विसंबूं नये. चांगल्या चाकांची वाघीण शंभरास एक याच्या आसपास बहुधा चालूं लागते. यार्डाचा ढाळ या आंकड्याच्या निम्म्याहूनही कमी राहावा, आणि जमेल तर मुळींच नसावा.

सांध्यांची जी माळ यार्डाच्या तोंडाशीं असते, तेथें तर ढाळ अजिबात घालूं नये. सांध्यावर ढाळ सुरू झाला कीं सांध्याची जीभ व मधला लोखंडी भाग एका पातळींत राहत नाहींत, चाक उचललें जातें, आणि नेमकी तीच वाघीण दर वेळीं घसरते. मुलें चाकास दोष देतात. कड्यांचीही अडचण आहे. अमेरिकन पद्धतीच्या प्रतिकृतींत रुळांमध्यें चुंबक बसवून वाघिणी सोडवितात: एंजिन किंचित् मागें सरून कड्या सैल करितें, आणि चुंबक त्यांस बाजूस ओढतो. ढाळावर वाघिणी आपल्याच वजनानें ताणलेल्या राहतात, कड्या सैल होत नाहींत. आणि कशाबशा सुटल्याच, तर वाघीण आपल्या जागीं राहत नाहीं.

असें असलें तरी ढाळ हा नेहमीं शत्रूच असतो असें नाहीं. खऱ्या रेल्वेवर पाहिलें तर मुख्य मार्ग खडीच्या उंच थरावर असतो, आणि बाजूचें सायडिंग पुष्कळदां त्याहून किंचित् खालीं असतें. हें टेबलावर सहज साधतें. मुख्य रुळाखालीं पांच मिलिमीटर जाडीची बुचाची पट्टी घालावी, सायडिंगाखालीं तीन मिलिमीटरांची; आणि मधला दोन मिलिमीटरांचा फरक सांध्याच्या पलीकडे तीस सेंटिमीटरांत हळूच उतरवावा. हा ढाळ दीडशेंस एक झाला. त्यापुढें सायडिंग सपाट ठेवावें. आतां सायडिंगांतील वाघिणीस मुख्य मार्गावर यावयाचें म्हणजे चढ चढावा लागतो. तो ती आपण होऊन चढत नाहीं. निसटली तरी ती बंद टोकाच्या बफराकडे जाईल, मेलगाडीच्या वाटेंत येणार नाहीं. शिवाय देखावाही खरा दिसतो. एकाच पातळींत ठोकलेले पांच रूळ म्हणजे सुताराचें काम. थोडे वरखालीं असलेले रूळ म्हणजे रेल्वे. यार्डाचे रूळ लांब असतील तर मध्यभागीं एक-दोन मिलिमीटर खोल ठेवून त्यांस बशीसारखा आकार देणारेही लोक आहेत; मग वाघिणी दोन्हीकडून मध्यें येऊन स्वस्थ राहतात. मोठ्या खऱ्या यार्डांतही वाघिणी थांबण्याच्या रुळांचें पलीकडील टोंक किंचित् वर चढविलेलें असतें.

मोठ्या यार्डांचें नांव निघालें म्हणजे उंचवट्याच्या यार्डाची आठवण होते. एंजिन वाघिणींस एका टेंकाडावर ढकलीत नेतें, माथ्यावर एकेक वाघीण सोडतात, आणि ती आपल्या वजनानें उतरून नेमलेल्या रुळांत जाते. नेब्रास्कांतील नॉर्थ प्लॅट येथील प्रचंड बेली यार्डांत असा एक उंचवटा सुमारें ३४ फूट उंच बांधला आहे. आपल्याकडे मुघलसराईचें यार्ड या कामासाठीं एके काळीं प्रसिद्ध होतें. ही मौज घरीं करावी असें प्रत्येक मुलाच्या मनांत येतें. ते ३४ फूट एच्-ओ मापांत बारा सेंटिमीटर होतात. पण त्यावरून सोडलेली वाघीण वर सांगितलेल्या गणिताप्रमाणें भलत्याच वेगानें खालीं येईल. खऱ्या यार्डांत रुळांच्या दोन्ही बाजूंनीं चाकांस चिमटून वेग कमी करणारे 'रिटार्डर' असतात, आणि प्रत्येक वाघिणीचें वजन पाहून ते दाबले जातात. कांहीं हौशी लोकांनीं रुळांमधून वाऱ्याचे बारीक झोत सोडून तेंच काम साधलें आहे. कौतुक करण्यासारखी गोष्ट आहे. पण नवशिक्यानें या फंदांत पडूं नये असें आमचें मत आहे. शंटिंगचें एंजिन सावकाश मागेंपुढें करण्यांतच अधिक गंमत आहे.

ढाळाची खरी गरज पडते ती लपविलेल्या यार्डासाठीं. टेबलाखालीं दुसरें यार्ड असलें म्हणजे गाड्या दूरच्या गांवाहून आल्यासारख्या दिसतात. दोन पातळ्यांत दहा सेंटिमीटर तरी अंतर पाहिजे. पन्नासास एक या ढाळानें तेवढें उतरण्यास पांच मीटर रूळ लागतो. खोली लहान असते, म्हणून मुलें ढाळ पंचविसांस एक करूं पाहतात व अडीच मीटरांत काम उरकतात. याची किंमत किती पडते तें पाहावें. असें धरूं कीं, एंजिन ३०० ग्रॅमचें असून त्याची ओढ वजनाच्या पांचव्या हिश्शाइतकी, म्हणजे ६० ग्रॅम आहे. वाघीण १०० ग्रॅमची असून सपाटीवर तिला ओढण्यास २ ग्रॅम लागतात. सपाटीवर हें एंजिन ३० वाघिणी ओढील. पन्नासास एक या चढावर एंजिनाच्या स्वतःच्या वजनासाठींच ६ ग्रॅम जातात, व प्रत्येक वाघिणीस ४ लागतात. म्हणजे १३ वाघिणी. पंचविसांस एक या चढावर एंजिनाचे १२ ग्रॅम गेले, वाघिणीस ६ लागले. राहिल्या अवघ्या ८. ढाळाचीं दोन्ही टोंकें गोलाई देऊन सपाटींत मिळवावीं, एकदम मोडूं नयेत; नाहीं तर त्या मोडीवर कड्या सुटतात. आणि ढाळ लपलेल्या यार्डाच्या पहिल्या सांध्याअगोदर संपला पाहिजे. जेथें डोळा पोंचत नाहीं, तेथें सुटलेली वाघीण कोणास दिसत नाहीं. ज्यांस जागा असेल त्यांनीं बोरघाटाची युक्ति करावी: उताराच्या पायथ्याशीं एक बंद रूळ ठेवून सांधा नेहमीं त्याकडे वळलेला असूं द्यावा, आणि गाडी आणावयाची असेल तेव्हांच तो फिरवावा.

कितीही सपाट केलें तरी एखादी अति हलकी वाघीण जागा सोडतेच. तिच्यासाठीं सोपा उपाय आहे. दांत घासण्याच्या जुन्या ब्रशाचा एक केस घ्यावा, दोन रुळांच्या मध्यें बारीक भोंक पाडून तो उभा बसवावा, व आंसास जेमतेम लागेल एवढाच वर ठेवून बाकीचा कापावा. वाघीण त्यावर अडून राहते, आणि एंजिनानें ओढतांच केस वांकून तिला जाऊं देतो. केस राठ असेल तर हलकी वाघीण उचलली जाते. तेव्हां मऊ ब्रश पाहून घ्यावा.

पाणसळ मात्र एकदां लावून ठेवून देण्याची वस्तु नव्हे. आपल्या पावसाळ्यांत लांकूड फुगतें, आणि प्लायवुडाची फळी दोन आधारांमध्यें हळूहळू झोळ धरते. आधार साठ सेंटिमीटरांवर असतील आणि फळी मध्यें तीनच मिलिमीटर खचली, तर दोन्ही बाजूंस शंभरास एक ढाळ तयार झाला, आणि तो कोणीं बांधलेला नसतो. आधार चाळीस सेंटिमीटरांच्या आंत घ्यावे. दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर, यार्डाच्या प्रत्येक रुळावर पाणसळ ठेवून पाहावी, आणि जेथें बुडबुडा सरकेल तेथें पट्टीखालीं कागदाची घडी सारावी.